डीएसएलआर, मिररलेस की मोठ्या झूमवाला? मुलुंडच्या ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा. मुलगी ९ वर्षांची, भरतनाट्यम शिकतेय, वर्षातून दोनदा मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात कार्यक्रम असतो आणि फोनमधून काढलेल्या फोटोत तिचे हात दिसतच नाहीत, नुसता धूर दिसतो. मिस्टरांना पक्ष्यांची आवड, थंडीत रविवारी खाडीपलीकडे ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला जाता. मे महिन्यात गुहागर. रोज मुलुंड ते सीएसएमटी लोकल. बजेट ७० हजार. आणि सल्ले देणारे तिघं, दीर म्हणतात सेकंडहँड डीएसएलआर घे, ऑफिसमधले म्हणतात १२५ एक्स झूमवाला घे एकातच सगळं होतं, आणि दुकानदार म्हणाला थोडे पैसे वाढवा आणि फुल फ्रेमच घ्या.

तिघांनीही आपापल्या परीने बरोबरच सांगितलंय, पण तुम्हाला कुठला फोटो हुकला की वाईट वाटतं हे कोणी विचारलंच नाही. मी गेली २४ वर्षं नाटकांचे आणि नाचाचे फोटो काढतोय, सुरुवात रोलवर झाली, नंतर डिजिटल, आणि कॅमेरा कुठला घेऊ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच विचारतो की तुमचा सगळ्यात अवघड फोटो कुठला. सोपे फोटो कुठल्याही कॅमेऱ्यात येतात. गुहागरचा समुद्र, घरचा गणपती, उकडीचे मोदक, आजीच्या मांडीवर बसलेली नात, हे सगळं आजचा बरा फोन इतकं छान काढतो की त्यासाठी ७० हजार घालू नका. तुमचा अवघड फोटो म्हणजे अंधाऱ्या हॉलमध्ये, लांबून, हलणारी मुलगी. या तीनही गोष्टी एकत्र आल्या की काम कठीण होतं आणि कॅमेऱ्याचा प्रकार त्यावरूनच ठरवायचा.

फोन तिथे का हरतो ते आधी सांगतो म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची लेन्स एफ १.८ वगैरे असते (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), म्हणजे उजेड घ्यायला चांगलीच, पण ती वाइड असते, साधारण २४ एमएम (एमएमचा आकडा जितका मोठा तितकं लांबचं मोठं दिसतं). तुम्ही तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसलात, स्टेजपासून अंदाजे ८ मीटर, तर फोन आडवा धरला की त्यात सुमारे ८ मीटर उंचीचा पसारा मावतो. मुलगी १.३ मीटरची, म्हणजे फोटोच्या उंचीचा सहावा भाग. मग तुम्ही दोन बोटांनी झूम करता, म्हणजे आधीच नखाएवढा असलेला सेन्सर, त्याचा एक कोपरा फक्त वापरला जातो. वर फोन अंधारात एकापाठोपाठ एक बरेच फोटो घेतो आणि ते जोडून एक फोटो बनवतो. देवघरातल्या समईचा फोटो त्यामुळेच सुंदर येतो कारण समई हलत नाही. नाचणाऱ्या मुलीचे हात मात्र प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी, मग जोडणार काय? तो धूर तिथून येतो. फोन महागातला घेऊन हे थोडं सुधारेल, पण जाणार नाही.

आता सेन्सर. सेन्सर म्हणजे जिच्यावर उजेड पडून चित्र उमटतं ती चिप, आणि कॅमेऱ्याच्या प्रकारांमधला खरा फरक तिच्या आकारात आहे. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर, जुन्या ३५ एमएम रोलच्या फ्रेमएवढाच. एपीएस-सी म्हणजे निकॉन, सोनी, फुजीमध्ये साधारण २३.५ बाय १५.६, कॅननमध्ये थोडा लहान. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ बाय १३. चांगल्या कॉम्पॅक्टमध्ये असतो तो एक इंची, नाव एक इंच पण प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८. आणि मोठ्या झूमवाल्या ब्रिज कॅमेऱ्यांमध्ये बहुतेक वेळा ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा छोटासा तुकडा, तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा म्हणा. क्षेत्रफळ काढलंत तर एपीएस-सी हा ब्रिजवाल्यापेक्षा तेरा पट मोठा आहे. अंगणात पाऊस पडतोय आणि एकाने परात ठेवलीय, दुसऱ्याने वाटी, असं समजा. पाऊस तेवढाच, भांडं वेगळं.

ऑफिसमधल्या सहकाऱ्यांचा १२५ एक्स झूमवाला म्हणजे निकॉनचा पी १०००, २०१८ मध्ये आला, २४ ते ३००० एमएम इतका झूम. चंद्रावरची विवरं दिसतात, ऐरोलीच्या खाडीत पलीकडच्या काठावरचा पक्षी दिसतो, आणि दिवसाउजेडी तो जे करतो ते दुसऱ्या प्रकारच्या कॅमेऱ्याने करायचं तर लाखांत जाल. मी त्याला कमी लेखत नाही. भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्यावर सकाळी सात-साडेसातला असे कॅमेरे घेऊन येणारे कितीतरी काका-काकू मला माहितीयेत, त्यांनी पक्ष्यांच्या नोंदी इतक्या चोख ठेवल्यात की बघत राहावं. पण हा कॅमेरा पूर्ण झूमवर एफ ८ होतो आणि सेन्सर डाळीच्या दाण्याएवढा. कालिदासमध्ये पडदा उघडल्यावर तो फोनपेक्षा फार बरं काही देणार नाही, रंग चिखलासारखे होतील आणि चेहऱ्यावर दाणे दिसतील. तुमचा सगळ्यात अवघड फोटो पक्ष्याचा असता तर मी डोळे मिटून ब्रिज घ्या म्हटलं असतं. तो नाचाचा आहे, म्हणून नको.

दुकानदाराचं फुल फ्रेम. इथे थोडा हिशोब करू कारण ७० हजाराचा प्रश्न आहे. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ एपीएस-सीच्या साधारण २.३५ पट, फोटोग्राफीच्या भाषेत सव्वा स्टॉप. स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. म्हणजे एवढी मोठी उडी मारून तुम्हाला मिळाला सव्वा स्टॉप. आता लेन्सचं बघा. कॅमेऱ्याबरोबर येते ती किट लेन्स पुढच्या टोकाला झूम केली की एफ ५.६ होते, हल्लीच्या मिररलेसच्या छोट्या किट लेन्स तर ६.३ पर्यंत जातात. ती काढून ५० एमएम एफ १.८ लावली तर ५.६ च्या तुलनेत उजेड जवळजवळ दहा पट, ६.३ च्या तुलनेत बारा पट. सव्वातीन ते साडेतीन स्टॉप. आणि ही ५० एफ १.८ म्हणजे कॅनन आणि जुन्या निकॉनच्या लेन्समधली सगळ्यात स्वस्तांपैकी एक. म्हणून फुल फ्रेम बॉडीवर सगळे पैसे घालून वर साधी किट लेन्स लावणाऱ्यापेक्षा एपीएस-सी बॉडी आणि एफ १.८ लेन्स घेणारा माणूस कालिदासमधून कितीतरी चांगले फोटो घेऊन बाहेर पडेल. हे मी माझ्या फोटोग्राफीच्या शिबिरात दरवर्षी करून दाखवतो, दोन्ही कॅमेरे शेजारी ठेवून, आणि दरवर्षी कोणीतरी एक जण हळूच म्हणतो की सर हे मला सहा महिने आधी कळायला हवं होतं.

आकड्यात सांगायचं तर आपल्या हौशी कार्यक्रमांना स्टेजवर जो उजेड असतो त्यात हात न हलता पकडायचे तर शटर १/२५० सेकंद तरी लागतं. एफ १.८ वर हे आयएसओ (म्हणजे कॅमेरा उजेड किती वाढवून दाखवतो तो आकडा, वाढवला की दाणे वाढतात) १६०० च्या आसपास जमतं, आजच्या कुठल्याही एपीएस-सी कॅमेऱ्याला १६०० म्हणजे काहीच नाही. तोच फोटो किट लेन्सने काढायचा तर आयएसओ १६००० वर न्यावं लागेल, किंवा शटर १/२५ वर आणावं लागेल, म्हणजे परत धूर. बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे का असं सगळे विचारतात, पण स्टॅबिलायझेशन तुमचा हात हलणं थांबवतं, नाचणारीचा हात थांबवत नाही. देवळाच्या गाभाऱ्यात त्याचा उपयोग आहे, इथे नाही.

आणि ५० एमएमच का ते पण सांगतो. एपीएस-सी वर ५० लावली की ८ मीटरवरून आडव्या फोटोत साधारण अडीच मीटर उंची मावते. म्हणजे तुमची मुलगी अरमंडीत बसली काय आणि हात वर करून उभी राहिली काय, घुंगरापासून गजऱ्यापर्यंत पूर्ण येते आणि वर-खाली मोकळी जागा राहते. भाव टिपायचे असतील, डोळे, हस्तमुद्रा, तर ८५ एफ १.८, पण ती नंतर. पहिल्या वर्षी ५० पुरे. तीच लेन्स घरात दीड मीटरवरून एफ १.८ ला लावाल तर फक्त सहा-सात सेंटीमीटर जाडीचा भाग शार्प येईल, डोळे शार्प आणि कान मऊ, मागचं कपाट विरघळून गेलेलं. ८ मीटरवर मात्र हीच जाडी पावणेदोन-दोन मीटर होते, तेव्हा स्टेजवर एफ १.८ वापरायला घाबरू नका.

आता डीएसएलआर की मिररलेस. हा वाद लोक उगाच लांबवतात. डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे तिरका आरसा असतो, तो उजेड वर फेकतो, तिथून प्रिझममधून तुमच्या डोळ्यात, आणि बटण दाबलं की आरसा वर उडतो आणि उजेड सेन्सरवर पडतो. मिररलेसमध्ये आरसाच नाही, सेन्सर सतत बघत असतो आणि तुम्हाला छोट्या पडद्यावर दाखवत असतो. असा लेन्स बदलता येणारा पहिला कॅमेरा पॅनासॉनिकने २००८ मध्ये काढला, पण आपल्याकडे लग्नवाले फोटोग्राफर खऱ्या अर्थाने वळले ते २०१८ ला कॅनन आणि निकॉन दोघांनी फुल फ्रेम मिररलेस आणल्यानंतर. २०२० नंतर या दोघांनी नवीन डीएसएलआर बाजारात आणलेला नाही, सगळं नवं संशोधन आणि नव्या लेन्स मिररलेसकडे. म्हणून डीएसएलआर वाईट झाला असं अजिबात नाही, माझ्याकडे अजून एक आहे आणि गणपतीत गिरगाव चौपाटीला तोच नेतो. बॅटरीच्या बाबतीत तर डीएसएलआर अजून पुढे, निकॉन डी ३५०० एका चार्जवर १५५० फोटोंचा, सोनी ए ६४०० सुमारे ४१० चा. मिररलेस घेतलात तर दुसरी बॅटरी त्याच दिवशी घ्या.

तरीही तुमच्यासाठी मिररलेसकडे माझा कल आहे आणि कारणं दोनच. पहिलं, डोळा ओळखून फोकस धरणं. स्टेजवर मुलगी गिरकी घेऊन परत समोर आली की कॅमेरा स्वतः डोळा शोधतो, तुम्ही फक्त ती मुद्रा कधी पूर्ण होते तिकडे लक्ष द्यायचं. जुन्या साध्या डीएसएलआरमध्ये ९ किंवा ११ फोकस पॉइंट, तेही मधोमध, ती कडेला गेली की तुम्ही कॅमेरा फिरवणार, तोवर ती हालचाल, तो अडवू, संपलेला. दुसरं, तुम्हाला बटण दाबायच्या आधीच दिसतं की फोटो किती उजळ येणार आहे. मागे काळा पडदा असला की कॅमेऱ्याला वाटतं सगळंच अंधारं आहे आणि तो चेहरा पांढराफटक करून टाकतो. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून हे कळत नाही, फोटो काढून बघावा लागतो. मिररलेसमध्ये बघतानाच कळतं, चाक थोडं फिरवलं की झालं.

आवाजाचं पण आहे. डीएसएलआरचा आरसा खटॅक खटॅक वाजतो आणि अभिनयाच्या जागी, जिथे मृदंगही थांबलेला असतो, तिथे पुढच्या रांगेतले मागे वळून बघतात. मिररलेस पूर्ण मुका करता येतो, इलेक्ट्रॉनिक शटर लावून. पण एक सांभाळा, हल्ली बऱ्याच हॉलमध्ये एलईडी दिवे आहेत आणि मुक्या शटरवर त्या दिव्यांमुळे फोटोत आडवे पट्टे येतात. तालमीच्या वेळी दोन फोटो काढून बघायचं, पट्टे आले तर साधं शटर, त्याचा आवाज आरशापेक्षा कमीच असतो. आणि मागची स्क्रीन बंद करा, कृपा करून बंद करा, डोळा व्ह्यूफाइंडरला लावूनच काढा. अंधारात तुमच्यामागे बसलेल्या आजोबांच्या डोळ्यात तो उजेड सरळ जातो. म्हणूनच व्ह्यूफाइंडर नसलेले व्लॉगवाले मिररलेस येतात ना, सोनी झेडव्ही-ई१० किंवा निकॉन झेड ३० सारखे, ते कॅमेरे उत्तम आहेत पण तुम्ही घेऊ नका.

मग कुठला? मी एकाच कंपनीचं नाव घेऊन मोकळा होणार नाही पण विचार कसा करायचा ते सांगतो. आधी लेन्स बघा, मग बॉडी. कॅननची आरएफ ५० एफ १.८ फक्त १६० ग्रॅम आहे आणि आर ५० बॉडी बॅटरी-कार्डासकट ३७५ ग्रॅम, म्हणजे दोन्ही मिळून साधारण अर्धा किलो, डब्याच्या पिशवीत मावेल. निकॉन झेड ५० हातात जास्त छान बसतो, त्याला ४० एफ २ ही हलकी लेन्स मिळते, थोडी वाइड आहे पण चालते. सोनी ए ६४०० जुना झालाय, २०१९ चा, तरी फोकसच्या बाबतीत अजून पक्का आणि सेकंडहँड बाजारात भरपूर, लेन्सची निवडही सगळ्यात मोठी. कॅननच्या एपीएस-सी मिररलेसला बाहेरच्या कंपन्यांच्या ऑटोफोकस लेन्स आधी फारशा मिळायच्या नाहीत, २०२४ पासून सिग्मा आणि टॅमरॉनच्या यायला लागल्या, तेव्हा ती अडचण कमी झालीय. मायक्रो फोर थर्ड्स मला स्वतःला आवडतो, छोटा आणि पावसाला दणकट, पण आपल्या बाजारात त्याच्या लेन्स हाताळून बघायला कमी मिळतात, म्हणून पहिला कॅमेरा म्हणून सुचवत नाही. भाव दर महिन्याला बदलतात तेव्हा आकडे लिहीत नाही, प्रमाण सांगतो, बॉडी आणि किटवर सत्तर टक्क्यांच्या वर जाऊ नका, उरलेल्यात ५० एफ १.८, दुसरी बॅटरी, चांगल्या कंपनीचं कार्ड आणि हवाबंद डबा. नवीन घेऊन हे बसत नसेल तर बॉडी सेकंडहँड घ्या, लेन्स मात्र सोडू नका. आणि दिरांच्या म्हणण्याप्रमाणे सेकंडहँड डीएसएलआर आणि ५० एफ १.८ घेतलात तर तेही नव्या मिररलेस आणि नुसत्या किट लेन्सपेक्षा कालिदासमध्ये चांगलंच ठरेल, हे मी ठामपणे सांगतो.

मेगापिक्सेलचा विचार सोडून द्या. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४०००. १२ बाय १८ इंचाची प्रिंट अगदी काटेकोर ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, काढायची तरी १९.४ मेगापिक्सेल पुरतात, आणि भिंतीवरची प्रिंट कोणी नाक लावून बघत नाही.

फ्लेमिंगोंचं काय, मिस्टर नाराज होतील. तर ऐकाच. लहान जातीचा फ्लेमिंगो ८०-९० सेंटीमीटर उंच, म्हणजे पक्ष्यांमध्ये मोठाच. ऐरोलीच्या बोटीतून थवा ३० मीटरवर असेल तर ५५-२५० सारख्या साध्या झूमने उभा पक्षी फोटोच्या निम्म्या उंचीइतका येतो, थवा तर सुंदरच येतो, उजेडही असतो तेव्हा एफ ५.६ ची अडचण नाही. तिथे कॅमेऱ्यापेक्षा भरती-ओहोटीचं वेळापत्रक जास्त महत्त्वाचं, भरती चढायला लागली की पक्षी चिखलावरून मागे सरकत जवळ येतात. अडचण येते ती खंड्याला. छोटा खंड्या जेमतेम १६ सेंटीमीटर, १५ मीटरवर बसला तर २५० एमएममध्ये फोटोच्या उंचीचा सहावा भाग. तिथे पुढे कधीतरी कॅननची १०० ते ४०० बघा, ६३५ ग्रॅमचीच आहे. पण त्याआधी मिस्टरांना एकदा शांतपणे विचारा की पक्षी बघायला आवडतात की फोटो काढायला. बघायला आवडत असतील तर ८ बाय ४२ ची चांगली दुर्बीण त्यांना कॅमेऱ्यापेक्षा जास्त आनंद देईल आणि तुमचं बजेट पण वाचेल.

व्हिडिओ तुम्ही विचारला नाहीत पण आई म्हणून काढणारच. जुन्या डीएसएलआरवर एका दमात २९ मिनिटं ५९ सेकंदांच्या वर रेकॉर्डिंग होत नाही आणि वर्णम, म्हणजे कार्यक्रमातला सगळ्यात मोठा नाच, कधीकधी त्याच्या पुढे जातं. शिवाय एकाच कॅमेऱ्याने फोटो आणि व्हिडिओ दोन्ही करायला गेलात तर दोन्ही अर्धवट. फोन छोट्या ट्रायपॉडवर लावून सुरू करून द्या, पूर्ण स्टेज दिसेल असा, आणि कॅमेऱ्याने फक्त फोटो. कार्यक्रमाआधी मॅन्युअल मोडवर एफ २, १/२५०, आयएसओ १६०० लावून बघा आणि दिव्यांप्रमाणे आयएसओ कमीजास्त करा. फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) ठेवा कारण लाल-निळ्या एलईडीत चेहऱ्याचा रंग बिघडतो आणि रॉ असली तर बराच परत आणता येतो. फ्लॅश नको, तो मागच्या रांगेतून पोचत नाही आणि नाचणाऱ्या मुलांचं लक्ष जातं.

आता खरेदी, आणि इथे थोडं थांबा. तुमचं ऑफिस फोर्टला, म्हणजे कॅमेऱ्याच्या दुकानांचा बोरा बाजार पायी पाच-दहा मिनिटांवर. नवीन घेताना जीएसटीचं पक्कं बिल आणि कंपनीचं भारतातलं वॉरंटी कार्ड, सीरियल नंबर बॉडीवरच्याशी जुळवून. माझ्या शिबिरातल्या एका मुलाने बिलाशिवाय बाहेरून आलेला पीस घेतला, आठ हजार वाचले म्हणून खूश होता, चौथ्या महिन्यात शटर अडकलं आणि वॉरंटी लागू नाही म्हणून दुरुस्तीला वाचवले त्यापेक्षा जास्त गेले. सेकंडहँड बघताना लेन्स काढून मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारायचा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत द्यायची, भाव कितीही पाडला तरी. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो काढायचा, सेन्सरवरचे डाग दिसतात. किती फोटो काढून झालेत ते शटर काउंट विचारायचं, साध्या बॉडीचं शटर साधारण एक लाखासाठी बनवलेलं असतं, ३०-४० हजाराच्या आत असेल तर निर्धास्त. कार्ड जातं त्या खाचेतल्या पिना वाकलेल्या नाहीत ना, बॅटरी ओरिजिनल आहे ना. हल्ली कॉलेजची मुलं २० वर्षांपूर्वीचे छोटे डिजिकॅम शोधत फिरतात, त्यांचे रंग गोड आहेत हे खरं, पण ऑलिम्पस आणि फुजीच्या जुन्या मॉडेलांना एक्सडी कार्ड लागतं आणि ती कधीच बंद झालीत. मुलीला खेळायला घ्यायचा असेल तर एसडी कार्डवाला बघा.

बुरशीवर मी जरा जास्त लिहितो कारण मुंबईत कॅमेरे पडून जितके बिघडत नाहीत तितके कपाटात ठेवून बिघडतात. २६ जुलै २००५ ला मी कुर्ल्याहून परळला चालत आलो, बॅग डोक्यावर धरून, तरी ओली झालीच. घरी येऊन सगळं पुसलं, दोन दिवस पंख्याखाली ठेवलं, आणि लेन्स तिच्या चामड्याच्या डबीत घालून कपाटात ठेवली. दिवाळीत काढली तेव्हा आतल्या काचेवर पांढरी नक्षी उमटली होती. ८५ एमएम होती, पहिल्या तीन वर्षांच्या कमाईतून घेतलेली. साफ करून आणली पण काचेवरचं कोटिंग खाल्लं गेलं होतं, समोर दिवा आला की धुकं. तेव्हापासून माझ्याकडे चामड्याची डबी नाही. हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, मोठा, किराण्याचा असतो तसा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, काटा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला जेल बघायचं, रंग बदलला की गरम करून परत वापरायचं. आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून दहा फोटो काढायचे, बंद ठेवलेल्या लेन्सला बुरशी लवकर धरते. एसी गाडीतून किंवा एसी हॉलमधून बाहेर आलात की लगेच बॅग उघडू नका, वीस-पंचवीस मिनिटं तशीच राहू द्या, नाहीतर थंड काचेवर दव धरतं.

पुढचा कार्यक्रम मार्चमध्ये आहे म्हणालात ना, मग घाई नाही. माझं ऐकाल तर विकत घ्यायच्या आधी एका रविवारसाठी बॉडी आणि ५० एफ १.८ भाड्याने घ्या, मुंबईत दिवसाच्या भाड्याने सहज मिळतात, डिपॉझिट आणि ओळखपत्राची कॉपी मागतात. घेताना लेन्सच्या दोन्ही काचांचे आणि बॉडीवरच्या ओरखड्यांचे फोटो त्यांच्यासमोरच फोनमध्ये काढून ठेवा. आणि गुरूंना विचारून क्लासमधल्या तालमीला जा, ट्यूबलाइटच्या उजेडात, तासभर फक्त तुमच्या मुलीचे हात टिपायचा प्रयत्न करा. घरी येऊन ते फोटो मोठ्या स्क्रीनवर बघा, सगळे जण मिळून, आणि त्यातले दोन मला पाठवा, एक जमलेला आणि एक हुकलेला. हुकलेला बघून मी तुम्हाला सांगू शकेन की लेन्स ५० च घ्यायची की सरळ ८५.